झऱ्यांचा अभ्यास करायचाय? मग मे महिन्यात या

घाटमाथ्यावरच्या हवामानबदलाचा अभ्यास करायचाय म्हणून कॉलेजांतून फोन येतात. मी जावळी तालुक्यात झऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांपैकी एक. माझा पहिला प्रश्न ठरलेला: मे महिन्यात याल का? धुकं बघायला जुलैत सगळेच येतात.

आलात की पाणी भरणाऱ्या बायकांबरोबर पाणवठ्यांवर फिरा. कुठला झरा होळीला आटतो, कुठला मिरगापर्यंत तग धरतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. सरपंचांच्या ओट्यावर चहा पिऊन ते कळत नाही. प्रत्येक झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला पंधरा लिटर. याहून महागडं यंत्र सुरुवातीला नको.

भूगर्भशास्त्राचा माणूस पहिल्याच फेरीत सोबत हवा. आमच्याकडे माथ्यावर जांभा, खाली काळ्या कातळाचे थर. पाणी भेगांतून उतरतं, मधल्या तांबड्या मातकट थरावर अडतं आणि उताराला बाहेर पडतं. त्यामुळे झरा एका गावात आणि त्यात पाणी मुरवणारा सडा, म्हणजे माथ्यावरचं सपाट कातळ पठार, दुसऱ्याच गावात, असं होतं. मग दोन्ही ग्रामसभांना बरोबर घ्यावं लागतं, आणि आराखड्यातला सगळ्यात वेळखाऊ भाग हाच असतो. घाई करू नका.

पावसाचा आकडा जवळच्या केंद्रावरून उचलू नका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि वीस किलोमीटरच्या आतल्या पाचगणीत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. एकाच खोऱ्यात माथा, मधला उतार आणि पायथा अशा तीन ठिकाणी पर्जन्यमापक लावा. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठलाच मोजा, म्हणजे आकडे ताडून बघता येतात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा दिवशी लहान मापक भरून वाहतो, म्हणून मध्येच एकदा मोजायचं आधीच ठरवा. मात्र दरडीखालून जावं लागत असेल तर ती नोंद सोडून द्या.

नोंद ठेवणाऱ्याला मानधन हवंच. विद्यार्थ्यांच्या गाड्यांना पैसे असतात आणि रोज सकाळी भिजत जाणाऱ्या मुलीला प्रमाणपत्र, हे मला पटत नाही. मूळ वही गावात राहील, तुमच्याकडे पानांचे फोटो. आकडे कोण वापरणार, शोधनिबंधात कुणाची नावं येणार, मराठी अहवाल कधी मिळणार, हे ठरावात लिहून घ्या.

झरा आटला की लगेच हवामानाकडे बोट दाखवू नका. वर कुणी बोअर मारली का, रस्त्यासाठी डोंगर कापला का, झाडं तुटली का, याचीही तारखेसकट नोंद ठेवा. हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात. तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा. महाबळेश्वरच्या जुन्या नोंदी मागवून त्यांच्याशेजारी आपले आकडे ठेवा, आणि दावा तेवढ्यापुरताच करा.

झरा राखीव वनात किंवा अभयारण्यात असेल तर वनखात्याची परवानगी लागते. अर्ज दिवाळी झाली की टाका; मेपर्यंत कागद हातात पडला तर नशीब.