आपल्याकडच्या हवेत इग्वाना: पिंजऱ्यातली उष्णता आणि ह्युमिडिटी कशी सांभाळायची

ग्रीन इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा मोठा सरडा, आणि आपण त्याला ठेवतो फ्लॅटच्या हॉलमध्ये, जिथे पुण्यात एप्रिलच्या दुपारी ह्युमिडिटी २० टक्क्यांच्या खाली जाते आणि जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. बाहेरच्या देशातल्या केअर शीट वाचून सेटअप लावला की घोळ होतो तो इथेच. त्या बहुतेक थंड हवेत राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात, सगळा भर पिंजरा गरम कसा करायचा यावर, आणि आपल्याकडे वर्षातले तीन-चार महिने प्रश्न बरोबर उलटा असतो. त्यामुळे एकदा सेटिंग लावलं आणि वर्षभर विसरलं असं इथे चालत नाही, ऋतू बदलला की पिंजऱ्याचं गणितही बदलावं लागतं.

आधी आकडे बघून घेऊ. दिवसा बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली अंग शेकत बसायच्या फांदीवर ३५ ते ३८ डिग्री, पिंजऱ्याच्या थंड बाजूला २६ ते २८, रात्री २४ च्या आसपास. ह्युमिडिटी साधारण ६५ ते ८०. हे इग्वानाचं झालं. बिअर्डेड ड्रॅगन (हाही पाळतात तो सरडाच) असेल तर हे आकडे वापरू नका, तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला आहे, त्याला ३० ते ४० टक्के ह्युमिडिटी बास होते आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याची काळजी वेगळीच करावी लागते.

अजून एक, इग्वाना परदेशी प्राणी असला तरी कागदपत्रं लागतात. तो साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात अशा प्राण्यांची नोंदणी आली, ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. आणि घोरपड किंवा रानातला कुठलाही सरडा पकडून घरी ठेवायचा विचार कृपया मनातही आणू नका, घोरपड तर याच कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

आता उष्णता. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, पाल्याचं पचन त्याच्या आतड्याच्या मागच्या भागात जंतूंच्या मदतीने होतं आणि त्यासाठी अंग गरम लागतं. अंग गार राहिलं तर पोटात पाला तसाच पडून राहतो, मग खाणं कमी होतं, आणि आपण बसतो भाजी बदलत, आज जास्वंदीची पानं, उद्या शेवग्याचा पाला, आणि खरा प्रॉब्लेम वरच्या बल्बमध्ये असतो. फ्लोरिडात मोकाट वाढलेले इग्वाना थंडीच्या लाटेत पारा ४-५ डिग्रीपर्यंत आला की आखडून झाडावरून खाली पडतात, इतकं त्यांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं. पण सगळा पिंजरा ३६ डिग्रीला ठेवणं हेही तितकंच वाईट. त्याला एक गरम टोक आणि एक थंड टोक हवं, कुठे किती वेळ बसायचं ते तो बघून घेतो. मोठ्या इग्वानाला किमान ६ फूट लांब, ३ फूट खोल आणि ६ फूट उंच पिंजरा सांगतात तो नुसता फिरायला जागा म्हणून नाही, दोन फुटांच्या काचेच्या टाकीत थंड टोक तयारच होऊ शकत नाही.

दिव्यांच्या बाबतीत एक चूक सगळीकडे दिसते ती म्हणजे एकच जोरदार स्पॉट बल्ब. प्राणी चार-पाच फुटांचा आणि बल्बचा झोत बशीएवढा, मग पाठीचा मधला पट्टा भाजतो आणि शेपटी-पाय गारच राहतात, अंग तापलं नाही म्हणून तो तिथून हलत नाही आणि पाठ अजून भाजते. त्यापेक्षा कमी वॅटचे दोन-तीन पसरट झोताचे हॅलोजन फ्लड एका ओळीत लावा, म्हणजे मानेपासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत सगळं अंग त्यात येतं. बल्ब आणि पाठ यात निदान एक फूट अंतर, आणि बल्बला जाळी हवीच, इग्वाना चढतो आणि गरम काचेला चिकटतो. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळतो. आपल्या घरात बहुतेक पिनचे होल्डर असतात आणि हे बल्ब स्क्रूचे येतात, त्यामुळे होल्डर आणि बल्ब एकत्रच विकत घ्या. अमेरिकेतून कोणी बल्ब आणून देत असेल तर व्होल्टेज बघा, ११० चा बल्ब आपल्या २३० वर लावला की लगेच उडतो. हीट रॉक नावाचा गरम दगड मिळतो तो अजिबात नको, इग्वाना ऊन वरून घेणारा प्राणी आहे, पोटाखाली चटका बसतोय हे त्याला वेळेवर कळत नाही.

रात्री लाल किंवा निळा बल्ब नको, अंधार हवा. रात्रीच्या उबेसाठी सिरॅमिक हीटर वापरा, त्यात उजेड नसतो, आणि तो थर्मोस्टॅटवरच चालवायचा. हजाराच्या आत जे साधे ऑन-ऑफ कंट्रोलर मिळतात ते सिरॅमिक हीटरला ठीक आहेत, हॅलोजनला मात्र नको, सारखी उघडझाप होऊन बल्ब लवकर जातो. हॅलोजनला डिमर लावा. यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) याच बास्किंगच्या जागेवर यायला हवी, आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यूव्हीबीच्या हिशोबात धरू नका कारण काच ते अडवते.

मोजायचं कशाने? पेट शॉपमध्ये काट्याचे गोल मीटर मिळतात, काचेला चिकटवायचे, ते कृपया घेऊ नका, भरवशाचे नसतात. वायरच्या टोकाला प्रोब असलेले डिजिटल घ्या, एक गरम टोकाला इग्वानाच्या पाठीच्या उंचीवर, एक थंड टोकाला. ह्युमिडिटीचा सेन्सर मधोमध, पाण्याच्या टबापासून लांब, आणि मिस्टिंगचा फवारा थेट त्याच्यावर येणार नाही असा. फांदीचा पृष्ठभाग किती तापलाय ते मात्र इन्फ्रारेड टेम्परेचर गननेच कळतं, कारण हवा ३३ दाखवते आणि फांदी ४५ ची झालेली असते.

नवा मीटर आणला की आधी तपासा, घरीच होतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाका, मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवी नीट बंद करा आणि रात्रभर एका जागी राहू द्या. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, म्हणून सकाळी मीटर ७५ दाखवायला हवा. ६८ दाखवत असेल तर तो ७ ने कमी दाखवतो, टेप लावून मीटरवर तसं लिहून ठेवा. १५-२० चा फरक असेल तर परत करा. तापमानाचा प्रोब वॉटरप्रूफ असेल तर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दिसायला हवं.

आता जे समजून घेतलं की बाकी सगळं सोपं होतं ते. ह्युमिडिटीचा आकडा तापमानाशी बांधलेला असतो. गरम हवेत जास्त वाफ मावते, म्हणून खोलीत २५ डिग्रीला ६० टक्के असलेली हवा दिव्याखाली ३५ ला गेली की तीच हवा, तेवढंच पाणी, पण आकडा ३४ च्या आसपास येतो. काहीच गळत नाहीये, नुसता दिवा लागलाय. उलटं पण होतं, संध्याकाळी ३० डिग्रीला ७० टक्के होते, रात्री पिंजरा २४ वर आला की तीच हवा जवळजवळ १०० वर पोचते आणि सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ. म्हणून मिस्टिंग सकाळी दिवे लागल्यावर आणि दुपारी करायचं, आणि शेवटचं संध्याकाळी अशा वेळी की दिवे बंद व्हायच्या आत पानं आणि फांद्या सुकतील. रात्रभर ओलं आणि गार राहणं हे इग्वानाच्या फुप्फुसांना सगळ्यात वाईट.

उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, कोरडेपणाशी झुंज असते. वरची जाळी उघडी असेल तर ओल टिकतच नाही, जाळीचा बराच भाग अॅक्रिलिकने झाका, दिव्याची जागा सोडून. सुताराकडून पिंजरा करून घेत असाल तर मरीन प्लाय, आतून वॉटरप्रूफ कोटिंग, सगळ्या कडांना सिलिकॉन, आणि वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत नाही. हवेसाठी एक जाळी थंड बाजूला खाली आणि एक गरम बाजूला वर ठेवा, गरम हवा वरून जाते आणि खालून ताजी येते, कोंदटपणा राहत नाही. खाली कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर ओला ठेवता येतो, वरचा थर सुकलेला आणि खालचा ओलसर असा, पण इग्वाना ते गिळत असेल तर काढा. मोठा पाण्याचा टब ठेवाच, त्यात तो हमखास घाण करतो, म्हणून पाणी रोज बदलायचं.

फवारणीला बागेचा प्रेशर पंप पुरतो. दिवसभर घरी नसाल तर आरओ फिल्टरचा बूस्टर पंप, बारीक पाइप आणि ब्रासचे नॉझल घेऊन सिस्टीम बनवता येते, स्वस्तात होते आणि छान चालते. त्याला गोल चकतीचा मेकॅनिकल टायमर लावू नका, त्यातला सगळ्यात छोटा टप्पाच १५ मिनिटांचा असतो, तेवढ्यात हॉलमध्ये तळं होईल, सेकंदाचं सेटिंग असलेला डिजिटल टायमर हवा. बोअरचं पाणी वापरलं तर नॉझल क्षाराने चोंदतात आणि काचेवर पांढरे डाग पडतात, त्यात फिल्टरचं पाणीच घाला. इग्वाना पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो, त्यामुळे फवारणी म्हणजे त्याचं पाणी पिणंसुद्धा आहे, आणि पाळलेल्या इग्वानांमध्ये वर्षानुवर्षं कोरडं राहून किडनी खराब होणं खूप कॉमन आहे, तेव्हा हे कंटाळा न करता करायचं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांकडे एक भारी सोय आधीच असते, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा खोलीत कूलर लावला की तापमान खाली येतं आणि ह्युमिडिटी वर जाते, म्हणजे इग्वानाला हवं तेच. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. एसी बरोबर उलटं करतो, गार करतो पण हवा सुकवतो, एसीच्या खोलीत मिस्टिंग वाढवावंच लागतं. थंड टोक ३२ च्या वर गेलं की बास्किंगचे दिवे कमी करा, एखादा बंदच ठेवा, यूव्हीबी चालू ठेवून. बाल्कनीत ऊन द्यायचं तर सकाळचं, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवायची नाही, काही मिनिटांत आत भट्टी होते आणि प्राणी मरतो.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात काहीजण फवारणी चालूच ठेवतात कारण टायमर लावलेला असतो. बाहेर ८५-९० टक्के असताना गरजच नाही, पिण्यापुरती सकाळी एकदा करा. तेव्हा काम असतं हवा खेळती ठेवायचं, वरचे अॅक्रिलिकचे तुकडे काढा, कॉम्प्युटरचा छोटा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा, ओलं कोकोपीट काढून कागद घाला. आणि दिवे चालू ठेवा, बाहेर गार वाटतं म्हणून कमी करू नका, २७ डिग्री आणि ८५ टक्क्यांची हवा ३२ ला नेली की ६४ वर येते, म्हणजे हीटिंगनेच ओल आटोक्यात राहते. बुरशी दिसली तर ती फांदी सरळ बाहेर.

हिवाळ्यात पुण्या-नाशिकला पहाटे पारा ९-१० ला जातो, घरात १८-२० असतं, तेव्हा सिरॅमिक हीटर लागतोच आणि तोच हवा सुकवतो, दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. लाइट गेली तर घाबरू नका, पिंजऱ्याची जाळी थोडी मोकळी ठेवून वरून रजई टाका, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवा, काही तास सहज निघतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त रात्रीचा हीटर घ्या.

शेवटी प्राण्याकडे बघायला शिका. दिवसभर थंड कोपऱ्यात तळाशी पडून तोंड उघडं ठेवत असेल तर पिंजरा तापलाय. रंग काळपट, हालचाल मंद, दिव्याखालून हलतच नाही, शेण कमी, तर गार आहे. दिव्याखाली बसून थोडा वेळ तोंड उघडणं नॉर्मल असतं. नाकातून बुडबुडे, श्वास घेताना घरघर, तोंडात चिकट तार दिसली तर तो श्वसनाचा इन्फेक्शन आहे, त्यात घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट गाठा. नाकाभोवती पांढरी पावडर मात्र मिठाची असते, शिंकून ते जास्तीचे क्षार बाहेर टाकतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

कात अर्धवट राहते तेव्हा बोटं, शेपटीचं टोक आणि पाठीवरचे काटे नीट तपासा. तिथे जुन्या कातेची कडी राहिली की ती सुकून आवळते, रक्त पोचत नाही आणि ते बोट किंवा टोक काळं पडून गळून जातं. कोरडी कात ओढून काढायची नाही. कोमट पाण्यात, म्हणजे ३० डिग्रीच्या आसपास, खांद्यापर्यंत नाही तर पोटापर्यंतच बुडेल इतक्या पाण्यात १५-२० मिनिटं बसवा, शेजारी बसून राहा, मग ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने चोळा. निघाली तर ठीक, नाही निघाली तर पिंजऱ्याची ह्युमिडिटी काही दिवस ७५ च्या पुढे ठेवून उद्या परत. बोट सुजलं किंवा रंग बदलला असेल तर मात्र उद्यावर न टाकता व्हेटकडे न्या.