जुनी लष्करी रायफल अस्सल आहे का? या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या लष्करी रायफली तपासायचं काम शिकायला आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सगळ्या भागांवर ठोकलेले नंबर जुळतात का ते बघायचं ना?" बघायचं, पण सगळ्यात शेवटी. नंबर ठोकायला हातोडी आणि आकड्यांचे पंच पुरतात. लाकडाची आणि पोलादाची शंभर वर्षांची झीज मात्र एका दुपारी आणता येत नाही.

पुण्यात बोलावणं येतं ते बहुधा एखाद्या जुन्या घरातून. आजोबा सैन्यात होते, बंदूक वारसाहक्काने नावावर करायची आहे, तिचा इतिहास आणि किंमत लिहून हवी आहे. परवानाधारक समोर असल्याशिवाय हात लावू नका. शहरात परवाना पोलीस आयुक्तांचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यावरचा नंबर आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, रायफलीशी ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण अर्धी कोडी इथेच सुटतात. घरचे जिला कौतुकाने 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात ती पुष्कळदा .३१५ निघते. .३०३ ही लष्करी गोळी. ती झाडणारी रायफल साध्या परवान्यावर ठेवता येत नाही. म्हणून आपल्या आयुध कारखान्यांनी ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फील्ड रायफलीच्याच धाटणीची .३१५ स्पोर्टिंग रायफल नागरिकांसाठी काढली. ती कुठल्याही महायुद्धात लढलेली नसते. हे घरातल्या आजींना कसं सांगायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरी लष्करी रायफल समोर आली तर आधी बोल्ट मागे ओढून चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा, डोळ्यांनी आणि करंगळीनेही. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च आडवी धरा. मूळ लाकूड धातूला लागतं तिथे किंचित वर उठलेलं असतं. तिथे धातूच वर आलेला दिसला, तर कुणीतरी लाकडावर पॉलिशपेपर चालवला आहे. मग कुंद्यावरचे शिक्केही पुसट झालेले सापडतील. धातूवर अक्षरांच्या कडा बघा. बफ मारून नव्याने ब्लूइंग केलेल्या, म्हणजे धातूला निळसर-काळा रंग चढवलेल्या रायफलीत कडा गोलसर होतात, आणि गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीसुद्धा निळाई दिसते. आधी गंज, मग रंग, असा क्रम त्यातून उघड होतो. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर अडाणी हाताने ती खोलली आहे.

कुंद्याच्या मानेजवळच्या धातूच्या कड्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मार्क, म्हणजे रायफलीची आवृत्ती, असतो. हे सगळं एकमेकांशी पटायला हवं. आखूड ली-एन्फील्ड आली ती व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये गेल्यानंतर; त्यामुळे तिच्यावर 'व्ही.आर.' असेल तर ती बहुधा पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेलकडच्या, हाताने बंदुकांच्या नकला करणाऱ्या कारागिरांची करामत समजावी. तिकडच्या नकलांत इंग्रजी 'एन' उलटाही सापडतो. लिथगो या ऑस्ट्रेलियन कारखान्याचं उत्पादन १९१३ मध्ये सुरू झालं, त्याआधीचं साल दिसलं की थांबा. मार्क तीन १९०७ चा. पहिल्या महायुद्धात काम सोपं करण्यासाठी त्यातलं मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची व्हॉली साइट काढून टाकली आणि मार्कापुढे तारा आला. तारेवाल्या रायफलीवर व्हॉली साइट दिसली तर प्रश्न विचारा, पण लगेच नकली ठरवू नका. कारखाने शिल्लक सुटे भागही वापरत.

परदेशी संग्राहक कारखान्यातून निघाली तशीच रायफल मागतात. आपल्याकडच्या रायफलींना हा नियम लावणं मला चुकीचं वाटतं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याने त्या वर्षानुवर्षं दुरुस्त केल्या, लाकूड फाटू नये म्हणून आडवा स्क्रू घातला, ग्रेनेड फेकण्यासाठीच्या रायफलींना तार गुंडाळली, काहींच्या .४१० मस्केट (एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका) करून मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. हे सगळं अस्सलच आहे, सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या नोकरीचा भाग. किंमत पडते ती पुढे कुणी ती तार सोडवून, स्क्रूची भोकं बुजवून रायफल 'मूळ रूपात' आणली की. अहवालात मी सैन्याने केलेला बदल आणि नंतरची सजावट वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो. स्वातंत्र्यानंतर ठोकलेल्या शिक्क्यांत अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी ईशापूर) येतं, त्यावरून दुरुस्तीचा काळ कळतो.

आता नंबर. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग), बॅरल, बोल्टच्या दांड्याची मागची बाजू, नाकाची टोपी (नळीच्या पुढच्या टोकाजवळचं धातूचं टोपण), मागच्या साइटच्या पानाखालची बाजू. टोपीचा नंबर वेगळा असला तर किंमत थोडी उतरते, एवढंच. बोल्टचा वेगळा असला तर हेडस्पेसचा, म्हणजे बोल्ट आणि चेंबरमधलं काडतूस यांतल्या अंतराचा प्रश्न येतो; थोडक्यात, रायफल फायर करण्यालायक आहे का हा. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका. परवानाधारक गनस्मिथकडे गेज असतात. 'डी.पी.' शिक्का दिसला तर रायफल कवायतीपुरती ठेवलेली होती, ती झाडायची नाही हे मालकाला लेखी द्या.

डोळा तयार व्हायला वेळ लागतो. शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जुन्या बंदुका बघायला जा आणि सजावटीऐवजी हात कुठे लागून लाकूड काळवंडलं आहे ते शोधा. आणि तपासणीआधी घरच्यांना फोन करून बजावा की पाहुणे येणार म्हणून ब्रासो लावून ठेवू नका.