पाचोळ्यातली राखी अळंबी: बीजाणूंचा ठसा घेऊन ओळख कशी पटवावी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या बीच आणि ओकच्या जंगलांत, कुजत्या पाचोळ्यावर फिकट राखी रंगाच्या मोठ्या अळंब्या उगवतात, पुष्कळदा गोल रिंगण करून. ही क्लायटोसायबे नेब्युलारिस. छत्री ५ ते २० सेंटिमीटर रुंद, वर बोटाने पुसली जाणारी पांढुरकी भुकटी. छत्रीखालची पाती दाट, दुधाळ रंगाची आणि दांड्यावर किंचित खाली उतरलेली. वास गोडसर, उग्र.

धोका आहे तो विषारी एन्टोलोमा सिनुएटमचा. तीही फिकट, जाडजूड, रानातलीच. तिची पाती पुढे गुलाबी होतात, पण कोवळेपणी तीही पिवळसर-दुधाळच असतात. म्हणून नुसत्या पात्यांच्या रंगावर विसंबू नये, बीजाणूंचा, म्हणजे पात्यांतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घ्यावा.

छत्री पूर्ण उघडलेली पण टवटवीत अळंबी निवडा. मिटलेली छत्री बीजाणू सोडत नाही, सडकी नुसते पाणी सोडते. दांडा ओढून तोडू नका. चाकूने बुडाखालच्या पाचोळ्यासकट उचला आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून काही तासांत चिकट होते.

घरी दांडा छत्रीलगत कापा. पाती खाली करून छत्री काचेच्या तुकड्यावर ठेवा. काच सर्वांत सोयीची, कारण तिच्याखाली काळा-पांढरा कागद आलटून पालटून सरकवता येतो. नुसत्या पांढऱ्या कागदावर फिकट ठसा दिसतच नाही. छत्रीच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब टाका आणि वाटी पालथी घाला. वाऱ्याची झुळूक लागली तर ठसा विस्कटतो. ६ ते १२ तास हलवू नका.

मग छत्री सरळ वर उचला. पातळ थराचा रंग फसवतो, म्हणून चाकूच्या पात्याने भुकटी खरवडून एका ठिकाणी ढीग करा आणि दिवसाच्या उजेडात पाहा. फिकट दुधाळ आला तर नेब्युलारिसची शक्यता टिकते. गुलाबी आला तर विषय संपला, ती नेब्युलारिस नाही.

दुधाळ ठसा म्हणजे खाण्याची परवानगी मात्र नव्हे. पाचोळ्यात वाढणाऱ्या काही लहान पांढऱ्या क्लायटोसायबेंमध्ये मस्करीन हे विष असते आणि त्यांचाही ठसा फिकटच पडतो. खुद्द नेब्युलारिस काही जण उकळून, पाणी टाकून खातात, तरी अनेकांना उलट्या-जुलाब होतात. आम्ही ती खाऊ नका असेच सांगू. कोणी खाल्लीच असेल, तर उरलेले तुकडे कागदात गुंडाळून रुग्णासोबत लगेच दवाखान्यात न्या.