पाच बोर्ड, एकच आयपी

उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये पाच रास्पबेरी पाय (एकाच बोर्डाचे छोटे संगणक) बसवायचे होते. एकावर उबंटू सर्व्हर ही ऑपरेटिंग सिस्टीम लावली, तिच्या मेमरी कार्डाची 'डीडी' या कमांडनं इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली. नवी कार्डंही ३२ जीबीचीच, पण काही एमबीनं लहान; इमेज मावेना. पायश्रिंक या स्क्रिप्टनं ती आवळली अन् पाचही बोर्डांवर तीच चढवली.

खरी गंमत पुढं. राउटर पाचही बोर्डांना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतोय! मॅक पत्ते, म्हणजे हार्डवेअरचे क्रमांक, तर वेगळे. केबली बदलण्यात दुपार गेली, चहा चार वेळा झाला. निघालं काय, तर उबंटू डीएचसीपीला (राउटरमधली आयपी वाटणारी सेवा) स्वतःची ओळख मशीन-आयडीवरून सांगतं, अन् ही आयडी असलेली फाइल इमेजबरोबर सगळीकडं तीच गेलेली.

मूळ कार्डावर ती फाइल रिकामी केली (डिलीट नव्हे), एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) होस्ट-की, म्हणजे बोर्डाच्या ओळखीच्या किल्ल्या, त्याही सारख्याच म्हणून उडवल्या, पुन्हा इमेज काढली. आयडी पहिल्या बूटला आपोआप नवी झाली. होस्ट-की मात्र प्रत्येक बोर्डाला स्क्रीन लावून 'एसएसएच-कीजेन'नं बनवल्या. होस्टनेम, म्हणजे बोर्डांची नावंही, तेव्हाच बदलली.