जपानला निघण्याआधी जपानी शिकताय? या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे रोमन लिपीतून पाठांतर. इंग्रजी वाचायच्या सवयीने 'साके'चं 'सेक' होतं. त्यापेक्षा वही देवनागरीत लिहा. 'त्सु' तर मराठी माणसाला फुकटात येतो, 'चूल'मधला च लावला की झालं. अडचण एकच: दीर्घ ओ आणि ए देवनागरीत वेगळे दिसत नाहीत. तिथे अवग्रह द्या, तोऽक्योऽ. ऱ्हस्व-दीर्घाकडे इथे काणाडोळा चालत नाही. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बीरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. यात चुकलात तर समोरची बाई दुखावणारच. 'देसु', 'मासु'मधला शेवटचा उ मात्र गिळायचा: देस, मास.

शाकाहारी मंडळींची फजिती वेगळीच. 'निकु ताबेमासेन' (मांस खात नाही) एवढंच सांगितलं, तर मासे चालतात असाच समज होतो. म्हणून 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' म्हणा. तेवढ्यानेही भागत नाही. मिसो सूप, उदोन, सोबा (दोन्ही नूडल्सचे प्रकार) यांच्या रश्शात बहुधा 'दाशी' (अर्काचं पाणी) असते, आणि ती बरेचदा सुकवलेल्या बोनितो माशाची. वर तुकडा दिसत नाही, म्हणून पदार्थ शाकाहारी वाटतो. कोंबु या समुद्री शेवाळाची दाशी चालते, तेव्हा नेमकं विचारा: 'साकाना नो दाशी वा हाइत्ते इमास का?' उत्तराचा शेवट ऐका. 'इमास' म्हणजे आहे, 'इमासेन' म्हणजे नाही. 'नाहीये ना?' असं उलटं विचारू नका. त्यावरचं 'हाइ' म्हणजे 'बरोबर, नाही'. आणि 'चोत्तो...' म्हणून कोणी वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार समजा.

वेटरला हाक मारायला 'सुमिमासेन' पुरतं. 'आनाता' (तुम्ही) टाळा, नावाच्या शेवटी 'सान' (आपल्या 'जी'सारखं) लावा. स्वतःच्या नावाला मात्र कधीच नाही. दुकानात शिरताच ऐकू येणाऱ्या 'इराश्शाइमासे'ला (या, स्वागत) उत्तर द्यायची गरज नसते, मान हलवली तरी पुष्कळ.

आकडे पाठ करताना लोक इची, नी, सान म्हणत दहावर थांबतात. मागवायला लागतात ते हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु (एक, दोन, तीन नग): 'कोरे, फुतात्सु, ओनेगाइ शिमास', म्हणजे हे दोन द्या. किमतीत 'ह्याकु'मधलं (शंभर) जोडाक्षर बदलतं: 300 सानब्याकु, 600 रोप्प्याकु, 800 हाप्प्याकु. 10,000 म्हणजे 'इचिमान', त्यामुळे आपला लाख तिथे 'जूमान' होतो. ऐकून डोक्यात गोंधळ उडालाच, तर 'काइते कुदासाइ' (लिहून द्या) म्हणा आणि वही-पेन पुढे करा.