ओळीओळीने फाइल वाचताना: पायथनच्या फाइलइनपुटचा अनुभव

पदवीनंतर माझी पहिली नोकरी सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात होती. तिथे बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून रोज एक टेक्स्ट फाइल निघत असे आणि वर्षभराच्या फाइलींतून एखाद्या व्यापाऱ्याच्या नोंदी शोधून काढणे हे माझे काम होते. त्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे फाइलइनपुट हे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, वापरू लागलो. ते पायथनबरोबरच येते.

कमांड लाइनवर, म्हणजे प्रोग्राम चालवताना टाइप केलेल्या आज्ञेत, दिलेल्या सर्व फाइली ते एकामागून एक उघडते आणि त्यांतील ओळी एकाच लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) आपल्या हाती देते. फाइलचे नाव दिलेच नाही, तर ते स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे कीबोर्डवरून किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडून आलेला मजकूर, वाचते. संपूर्ण फाइल मेमरीत भरली जात नसल्यामुळे कमी रॅमच्या जुन्या संगणकावरही मोठे काम अडत नाही, आणि म्हणूनच रीडलाइन्स या फंक्शनने सगळ्या ओळींची यादी एकदम मेमरीत करण्याची सवय नवशिक्यांनी लागूच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एखादी नोंद नेमकी कुठे सापडली हे सांगायचे असेल, तर ओळीचा क्रमांक देणाऱ्या दोन फंक्शनांपैकी लाइननो नव्हे, फाइललाइननो वापरावे. पहिले सर्व फाइलींतील ओळी सलग मोजते, तर दुसरे प्रत्येक फाइलीत नव्याने सुरुवात करते.

सर्वाधिक काळजी इनप्लेस या पर्यायाबाबत घ्यावी. तो चालू केला की प्रिंट या आज्ञेचे आउटपुट पडद्यावर न येता थेट त्याच फाइलीत लिहिले जाते, म्हणजे जी ओळ आपण प्रिंट करणार नाही ती फाइलीतून जाते. मूळ प्रत .बॅक या नावाने तात्पुरती ठेवली जाते खरी, परंतु बॅकअप हा पर्याय स्वतःहून दिला नसेल, तर काम संपताच ती पुसली जाते. शिवाय वाचलेल्या ओळीच्या शेवटी नवीन ओळीचे चिन्ह सहसा असतेच, त्यामुळे प्रिंटला एंड (शेवटी काय जोडायचे ते सांगणारा पर्याय) रिकामा दिला नाही, तर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते.

व्यापाऱ्यांची नावे मराठीत असतील, तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, युटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. फाइलइनपुटमध्ये ही सोय २०२१ मध्ये आलेल्या पायथन ३.१० पासून आहे. मात्र सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या) फाइलीत अवतरणचिन्हांतला पत्ता दोन ओळींत मोडलेला असेल, तर एक ओळ म्हणजे एक नोंद हे गृहीतकच चुकते, आणि तिथे सीएसव्ही मॉड्यूलच वापरावे.