कचऱ्याची खतावणी: जिनिंगपासून ढाब्यापर्यंत

दहा वर्षं मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मुनीम होतो. रुईच्या गाठी, सरकी, ढेप, सगळ्याची नोंद माझ्या हातची. मागच्या भिंतीशी पडणाऱ्या ढिगाची मात्र एका ओळीची नोंद नव्हती. फाटकी चुंगडी (पोती), गाठीच्या तुटक्या लोखंडी पट्ट्या, पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), चहाचे कप, खर्डे (पुठ्ठे), सगळं एकात एक. महिन्यातून एकदा कबाडी यायचा, नजरेनं अंदाज करून ठोक रक्कम हातावर ठेवायचा, आणि त्याला नको ते आम्ही पेटवून द्यायचो. कापसाच्या आवारात! आता तालुक्यातल्या धंद्यांचा कचरा मोजून, नोंदून, ठिकाणी लावायचं काम करतो. एक छोटा हत्ती (मालाचा लहान टेम्पो), दोन माणसं, एक मोबाईल. आपल्या धंद्यात हे कसं लावायचं ते सांगतो.

आधी वजनकाटा घ्या, ॲप नंतर. १०० किलोपर्यंतचा साधा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. पंधरा दिवस बाकी काही बदलू नका, रोज संध्याकाळी झाडझूड झाली की फक्त तोला आणि लिहा. आमच्या पहिल्याच जिनिंगवर एका हमालानं विचारलं, "काहून तोलता बाप्पा, कचरा तर हाय!" दोन आठवड्यांनी त्यानंच मला दाखवलं की सोमवारी फाटकी चुंगडी जवळजवळ दुप्पट निघतात, कारण रविवारच्या सुट्टीनंतर आवक तुंबलेली असते. गाडी मंगळवारी बोलवायची हे तेव्हा ठरलं. आणखी एक, दिवसाला १०० किलोच्या वर कचरा निघाला की सरकारी नियम तुम्हाला मोठ्या कचरा-उत्पादकांत धरतात. आपण त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहोत हे काट्याशिवाय कळत नाही. मंगल कार्यालयवाल्यांनी तर लग्नसराईत हे आवर्जून पाहावं.

मग वेगळं करणं. ओला-सुका इथवर घराचं ठीक, धंद्याला तेवढं पुरत नाही. जिनिंगला मी पाच जागा करून देतो: खर्डा, लोखंडी पट्ट्या, पन्नी, विणलेली प्लास्टिकची पोती, आणि जेवणाखाण्याचं ओलं. यातली चौथी जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कापूस वेचून खताच्या नाहीतर सिमेंटच्या जुन्या पोत्यांत भरला जातो. त्या पोत्यांचे धागे सुटतात, कापसात गुंततात, यंत्रात तुटून रुईत मिसळतात. धागा पॉलीप्रॉपिलीनचा, त्याला कापसाचा रंग चढत नाही. कापड रंगवल्यावर तो ठिपक्यासारखा उघडा पडतो आणि सूतगिरणी आपल्या १७० किलोच्या गाठीला नाव ठेवते. म्हणून फाटकं पोतं ढिगावर फेकू नका. कापूस रिकामा होतो तिथेच एक टोपलं ठेवा, सुटलेला धागा दिसला की हातानं उचलून त्यात. एका आवारातल्या बायांनी हंगामभर हे केलं. टोपल्यातले निळे-पांढरे धागे त्या रोज तोलायच्या, कधी पाव किलो, कधी त्याहून कमी. तेवढं रुईत जाता जाता राहिलं.

आता मोबाईल. प्रत्येक जागेवर क्यूआर कोडचा स्टिकर लावा, पण कागदाचा नको, धुळीनं आठवड्यात वाचता येत नाही. प्लास्टिकचं आवरण करून खिळ्यानं ठोका. कोड स्कॅन केला की फॉर्म उघडावा आणि त्यात चारच गोष्टी असाव्यात: काय माल, किती किलो, काट्यावरच्या आकड्याचा फोटो, कोणी तोललं. तारीख-वेळ मोबाईल आपोआप घेतो. पाचवी गोष्ट विचारलीत की माणूस भरायचं सोडतो. फॉर्म मराठीत हवा आणि रेंज नसताना साठवून ठेवणारा हवा.

सेन्सरच्या डब्यांच्या बाबतीत माझं ऐका. आम्ही एका कंपनीकडून असे दोन डबे घेतले होते. झाकणाखालचा डोळा आवाजाच्या लहरी सोडून डबा किती भरला ते सांगतो. जिनिंगमध्ये हवेत रुईचा भुरका कायम. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्यावर कापसाचा थर बसला आणि रिकामा डबा दिवसभर 'भरला' म्हणून संदेश पाठवत राहिला. गाडी दोनदा उगाच गेली. कंपनीनं पुसून घ्या म्हणून सांगितलं, पुन्हा कोणी आलं नाही. ढाब्यावर, दवाखान्याच्या कँटीनमध्ये सेन्सर चालत असेल. जिथे भुरका, भुसा, डाळीची पूड उडते तिथे माणसाची नजर आणि काटा बरा.

कृषी सेवा केंद्रवाल्यांशी मला जास्त बोलायचं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण कोणी विसरलेलो नाही. रिकाम्या बाटलीच्या तळाशीही तेच औषध असतं. ग्राहकाला बाटली देतानाच सांगा: रिकामी झाली की तीनदा पाण्यानं खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग बाटलीला भोक पाडा. भोक पाडलेल्या बाटलीत कोणी रॉकेल की पाणी भरत नाही. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांतही रिकामी वेष्टनं फोडून वस्तीपासून दूर पुरायला सांगितलं आहे. दुकानात परत आलेल्या बाटल्या कुलूपबंद, वेगळ्या, आणि कबाड्याला मुळीच नाही. प्लास्टिक वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचे सविस्तर नियमही आले, म्हणून बाटल्यांची संख्या तुमच्या फॉर्मात नोंदवा आणि ती यादी कंपनीच्या प्रतिनिधीसमोर ठेवून परत नेण्याबद्दल विचारा. नुसतं तोंडी विचारलं तर तो हसून चहा पिऊन जातो.

गॅरेजवाल्यांनी जळकं ऑईल झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावं, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नये, आणि ते नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावं. जुन्या बॅटऱ्या आणि बंद पडलेले संगणक, मोबाईल यांचंही तेच, त्यांचे नियम २०२२ चे आहेत. ढाब्यावरचं ओलं खताच्या खड्ड्यात.

उरला हिशेब, आणि सगळी मेहनत इथेच फळाला येते. एकट्या दुकानाचा खर्डा नागपूरला नेणं परवडत नाही, अंतर पाऊणशे किलोमीटर आहे. एका रस्त्यावरचे आठ-दहा धंदे एकत्र करा, फॉर्ममधली वजनं बेरीज करून गाडी भरेल तेव्हाच फेरी काढा. पोचल्यावर धरमकाट्याची (गाडीसकट वजन करणाऱ्या काट्याची) पावती, गाडी नंबरसकट, फोटो काढून त्याच नोंदीला जोडा. मग दोन आकडे शेजारी ठेवा: इथून किती निघालं, तिथे किती उतरलं. खर्डा उन्हात वाळला की थोडा फरक पडतोच. पावसाळ्यात भिजलेला खर्डा उलट जास्त भरतो आणि घेणारा कापून घेतो, म्हणून तो ताडपत्रीखाली ठेवा. पण लोखंडी पट्टी वाळत नाही. तिच्या वजनात फरक आला तर त्याच दिवशी फोन करा. रिसायकलरकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, ते पहिल्या फेरीआधी कागद बघून खात्री करा आणि त्या कागदाचाही फोटो ठेवा.

दसऱ्यापर्यंत काटा, पाच जागा आणि स्टिकर लावून ठेवलेत तर कापसाच्या पहिल्या गाडीपासून नोंद सुरू करता येते. आता मी ज्या जिनिंगला मुनीम होतो तिथे रोज साडेसहाला तोच हमाल फोटो पाठवतो, आणि आकडा नीट दिसत नसेल तर मी न सांगता दुसरा काढून पाठवतो.